उभ्या गव्हात नांगर, वर्गात मोटारसायकल

दुपारचं जेवण झालं की बाबा टीव्हीसमोर आडवे होतात आणि दक्षिणेतला, हिंदीत बोलणारा एखादा सिनेमा लावतात. मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याजवळच्या आमच्या मराठी गावात ही सवय घरोघरी आहे. सिनेमातल्या माणसांचे ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच सांगतो, पण त्याची कोणाला अडचण होत नाही. नायक एका ठोशात जीप उडवतो. बाकीचे गुंड मारामारीत रांगेत उभे राहतात, आपला नंबर येईपर्यंत नुसते हात हलवत थांबतात. बाबा अर्धवट झोपेत हे सगळं मान्य करतात.

पण शेत आलं की ते उठून बसतात.

एका सिनेमात परदेशातून परतलेला नायक म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातून नांगर घेतो आणि मातीवरच्या प्रेमापोटी स्वतः हाकू लागतो. मागे व्हायोलिन वाजतं. बाबा ओरडले, "अबे, उभ्या गव्हात नांगर घालून राहिला हा! पाह्य, पाह्य, मागं ओंब्या हलून राहिल्या!" खरंच हलत होत्या. पुढच्याच क्षणी नायक घाम पुसतो, तेव्हा त्याच शेतात गुडघाभर पाणी आणि धान उभं होतं. बाबा पोट धरून हसले. दुसऱ्या एका सिनेमात नायक नायिकेसाठी गोटा मारून झाडावरचं संत्रं पाडतो, तेव्हा ते इतके चिडले की चॅनेल बदलायला लावलं. "संत्रं का बोर आहे गोटे माराले? देठासकट तोडाव लागते. यांच्यात कोणीच बगीचेवाला नाही का?"

आईचं वेगळं. कापसाच्या शेतात पांढरी साडी नेसून नाचणारी नायिका दिसली की ती आपली बोटं पुढे करते. सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी नखाशेजारची कातडी फाटते, ती वेचणीचे दिवस संपल्यावरही लवकर भरत नाही. "एक दिवस वेचाले ये म्हणा तिले. मंग नाचजो." आणि सिनेमातली आई टेबलभर पदार्थ मांडते, मुलगा एक घास घेतो, घड्याळ बघतो आणि पळतो, तेव्हा आईचा संताप बघण्यासारखा असतो. "एवढं केलं तिनं, अन् एक घास खाऊन उठला मुडदा!"

तीच आई दवाखान्याच्या सीनला पदर डोळ्यांना लावते. डॉक्टर दारातून बाहेर येतो, चष्मा काढतो आणि म्हणतो की आता औषधाचं काम नाही, प्रार्थना करा. मग नायकाची आई मंदिरात घंटा वाजवते, इकडे मशीनवरची सरळ झालेली रेघ पुन्हा नागमोडी होते. मी एकदा भीतभीत विचारलं, "आई, मशीनला घंटा ऐकू कशी येते?"

"चूप बस. देवाचं असते ते."

सौंसरच्या दवाखान्यात आजोबांना भरती केलं होतं, तेव्हा कोणीही चष्मा काढून बाहेर आलं नव्हतं. खिडकीतून एक बाई ओरडली होती, "पर्ची कुठं आहे? पर्ची आणा पयले." याची मी आईला आठवण करून दिली नाही. हसायचं असेल तर एकेकाने आपल्या माहितीच्या जागी हसावं, असा आमच्या घरात जणू ठराव होता. मीसुद्धा त्यातच होते. कोर्टातला नायक सगळे पुरावे शेवटच्या पाच मिनिटांत शर्टाच्या आतून काढतो आणि न्यायाधीश त्याला "पहिले का नाही दाखवले?" असं विचारत नाही, हे मला कित्येक वर्षं अगदी बरोबर वाटत होतं.

अडचण झाली ती कॉलेजमुळे. आमच्या घरात कॉलेज कोणीच आतून पाहिलं नव्हतं. बाबा शाळेतून लवकर बाहेर पडले, आई त्याहून लवकर. माझा बारावीचा निकाल लागला आणि मी सांगितलं की मला पांढुर्ण्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करायचं आहे. बाबा म्हणाले, पाहू. आणि नेमका त्याच आठवड्यात टीव्हीवर कॉलेजचा सिनेमा लागला.

त्या सिनेमासारखा खोटा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही. नायकाच्या दाढीत दोन-तीन पांढरे केस दिसत होते आणि तो दुसऱ्या वर्षाला होता. तो मोटारसायकलवरून सरळ वर्गात येतो. मास्तर घाबरून टेबलाखाली जातात, त्यांचा टोप खाली पडतो, सगळे हसतात. त्या कॉलेजात खिडकीवर रांग नाही, कोणी झेरॉक्स काढत नाही, कोणाचा जातीचा दाखला हरवत नाही. पेन फक्त खलनायकाकडे असतं, तेही कोणाच्या तरी हातात खुपसण्यासाठी. नायिका पुस्तकं छातीशी धरून येते आणि पुस्तकं पडल्याशिवाय तिला वर्ग सापडत नाही. आमदाराचा मुलगा हॉकीची काठी घेऊन फाटकापाशी उभा. तो नायिकेची ओढणी ओढतो, तेव्हा कॉलेजातली तीन-चारशे मुलं गोल करून बघतात आणि एकालाही घरी जायची आठवण येत नाही. पुढे गच्चीवर मारामारी, नायिकेच्या मैत्रिणीचा जीव जातो. शेवटी नायक, जो एकदाही पुस्तक उघडत नाही, विद्यापीठात पहिला येतो.

मी हसत होते. बाबा हसत नव्हते. त्यांनी पाय आखडून घेतले होते.

"पांढुर्ण्यालेबी असंच असते का वो?" त्यांनी आईला विचारलं.

"मले का माहीत? मी का गेली होती?"

मी म्हणाले, "बाबा, मोटारसायकल वर्गात जाऊच शकत नाही. दार तेवढं रुंद नसतं."

"तू पाहून आली का?"

मी पाहून आले नव्हते. कॉलेजबद्दल माझंही ज्ञान त्याच टीव्हीतून आलेलं होतं, फक्त माझा त्यावर विश्वास नव्हता. विश्वास नसणं हा काही पुरावा होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तरी मी धीर करून म्हणाले, "गव्हातला नांगर तुम्हाला लगेच दिसतो, मग हे खोटं का दिसत नाही?"

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "गव्हाचं मले माहीत आहे, बाई. याचं मले माहीत नाही."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी रडले असते, भांडले असते. पण ते खरं बोलले होते. त्या सिनेमातल्या पाच-सहा टारगट नटांच्या हातात माझं कॉलेज अडकलं होतं, आणि त्या नटांना रामाकोना कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

शेवटी बाबांनी स्वतः पाहून यायचं ठरवलं. आणि कसं पाहायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आमच्याकडे संत्र्याचा माल झाडावरच विकतात. व्यापारी बगीचा पाहायला येतो तो न सांगता येतो, आणि कसलेला असेल तर रस्त्याकडून आत शिरत नाही. रस्त्याकाठच्या झाडांना प्रत्येकजण जास्त खत घालतो, आम्हीसुद्धा. म्हणून तो नाल्याकडून येतो, मागच्या ओळी पाहतो, खाली वाकून फांद्यांच्या पोटातली फळं बघतो आणि मग काय ते बोलतो.

जुलैत, प्रवेश चालू असताना, आम्ही सौंसरला बस बदलून पांढुर्ण्याला गेलो. कॉलेजच्या फाटकावर मोठी कमान होती. बाबांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. भिंतीच्या कडेकडेने ते मागच्या बाजूला निघाले आणि मी मान खाली घालून त्यांच्या मागे. मागे मोडक्या बेंचांचा ढीग होता, त्यावर एक शेळी उभी होती. बाबा एकेका खिडकीशी वाकत, आत बघत, पुढे सरकत. एक वर्ग रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्यात फळ्यावर तारीख लिहिलेली होती, ती मागच्या सत्राची. प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर कोळ्याचं जाळं.

एवढ्यात शिपाई आला. उन्हात बारीक डोळे करून त्याने विचारलं, "काय पाहून राहिले, भाऊ? चोरासारखे?"

"कॉलेज पाहून राहिलो. पोरीले टाकाचं आहे."

"मंग समोरून या न."

"समोरून सगळेच चांगले दिसतात." बाबांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "इथं आमदाराचा पोरगा शिकून राहिला का?"

शिपाई आधी माझ्याकडे, मग बाबांकडे बघत राहिला. "आमदाराचा पोरगा इथं कायले येईन? मोठ्या लोकायचे पोरं पुण्याले शिकतात."

"अन् गच्चीवर जाचा रस्ता?"

"जिनाच नाही. टाकी साफ कराची तं शिडी आणाव लागते."

"मोटारसायकली घेऊन आत येतात का पोरं?"

"भाऊ," शिपाई वैतागून म्हणाला, "पोरं पायी येत नाहीत, तं मोटारसायकलवर कुठून येतीन? ॲडमिशन घेतात अन् परीक्षेले येतात. मधात मी अन् हे शेळी."

मला रडू येईल असं वाटलं. सिनेमातलं कॉलेज खोटं आहे, हे मी घरी ओरडून सांगत होते, ते खरं निघालं. पण त्याच्या जागी खरं म्हणून जे समोर होतं, ते कोणी सिनेमात दाखवलं असतं तर लोकांनी तेही खोटंच म्हटलं असतं. कॉलेज आहे आणि त्यात कोणी शिकत नाही! एवढा बिनडोक सीन लिहायला दक्षिणेतल्या लेखकांचीही छाती झाली नसती.

बाबा मात्र खूश होते. बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी मला दिली. सौंसर आल्यावर ते म्हणाले, "चांगलं आहे. शांत आहे. नाव लावून टाकू."

मी बाबांचा हात धरला.

"अन् रोज जाची गरज नाही म्हणते तो शिपाई. परीक्षेले जाजो. तो हिरो तरी कुठं वर्गात बसते? आखरीले पहिलाच येते न."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. सगळ्या सिनेमांत ज्या सीनला मी सगळ्यात जास्त हसले होते, तोच त्यांनी माझ्यापुढे ठेवला होता, अगदी मायेने. मला हात सोडवून घ्यावासा वाटला, पण सोडवला नाही.

घरी आई तुरीची डाळ निवडत बसली होती. बाबांनी तिला सगळं सांगितलं: आमदाराचा पोरगा नाही, जिना नाही, गडबड नाही, फक्त परीक्षेपुरतं जावं लागतं. आईने सगळं ऐकून घेतलं. डाळीतला खडा उचलून बाजूला टाकला.

"अहो, म्हणजे आमदाराच्या पोराचं भेव गेलं, तरी पोट्टी घरीच?"

"गरजच काय रोज जाची?"

"मंग भेव कायचं होतं तुमाले?"

बाबा ओसरीकडे बघू लागले. "अवो, दिवाळीपासून वेचणी लागते. बाया भेटत नाहीत. मागच्या साली अर्धा कापूस झाडावरच भिजला, तुले माहीत नाही का?"

"हां," आई म्हणाली. "आता बोलले."

मला बाबांचा राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला. पण बाया मिळत नाहीत हे खरं होतं, भिजलेला कापूस मीही पाहिला होता. सिनेमात मुलीच्या शिकण्याला विरोध करणारा बाप मोठा दिसतो. त्याला मिशा असतात, भिंतीवर बंदूक असते, तो खानदानाच्या इज्जतीवर बोलतो आणि शेवटी मुलीला मिठी मारून रडतो. कापूस वेचायला माणूस नाही म्हणून पोरगी घरी पाहिजे, असं म्हणणारा बाप मी एकाही सिनेमात पाहिला नाही. बहुतेक त्यावर गाणं बसत नसेल.

मी म्हणाले, "बाबा, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी वेचीन. दिवाळीच्या सुट्टीत रोज वेचीन. पण वर्गात बसल्याशिवाय मला रसायनशास्त्र येणार नाही. मी न वाचता पहिली येणारी नाही. मी वाचूनसुद्धा पहिली येणार नाही कदाचित. पण मला जायचं आहे, रोज."

बाबांनी बंद टीव्हीकडे पाहिलं.

"तिथं कोणी शिकवत नाही, बाई," ते म्हणाले. "मी मागून पाहून आलो. कायले जातं तू?"

"कोणी येत नाही म्हणून शिकवत नसतील."

"अन् तू गेल्यानं शिकवतीन?"

"माहीत नाही."

बाबांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि मला वाटतं, 'माहीत नाही' हे उत्तर त्यांना पटलं. "जाय मंग," ते म्हणाले. "पण जाचं तं रोज जाजो. अर्धंमुर्धं नाही." आणि आईकडे वळून, "कापसाचं पाहू."

पहिल्या दिवशी मी सकाळची बस पकडली. या वेळी समोरच्या कमानीतून आत गेले. वर्ग उघडा होता. मोहगावची एक मुलगी कोपऱ्यात बसली होती, तिनेही बहुतेक घरी असंच काही भांडण केलं असावं. आम्ही दोघींनी एकेक बेंच रुमालाने पुसला आणि बसलो. घंटा झाली, कोणी आलं नाही. बऱ्याच वेळाने एक मॅडम व्हरांड्यातून जाताना दिसल्या. आम्हाला पाहून त्या दारात थांबल्या.

"क्या काम है बेटा? ऑफिस उस तरफ है."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. मोहगावची मुलगी माझ्याकडे बघू लागली, म्हणून मलाच बोलावं लागलं.

"मॅडम, क्लास है ना? केमिस्ट्री का."

मॅडमनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं, मग हातातल्या पर्सकडे, मग आमच्याकडे. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "बैठो," त्या म्हणाल्या, आणि खडू आणायला परत गेल्या.