जॅमच्या बाटल्यांतली रोझमेरी

नारायण पेठेतल्या आमच्या गॅलरीत रोझमेरीची एकच कुंडी होती. केसांना रोझमेरीचं पाणी लावायची टूम निघाली आणि इमारतीतल्या बायका येता-जाता एकेक फांदी मागून नेऊ लागल्या. त्यांच्या केसांचं काय झालं ते माहीत नाही, झाडाला मात्र टक्कल पडलं. मी काही फांद्या मातीत खोचून पाहिल्या, पण पावसाळी हवेत सगळ्या कुजल्या.

सून तेव्हा नुकतीच लग्न होऊन यवतमाळहून आली होती. तिकडे ती एका प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने केळीची रोपं तयार करायची. इथे नोकरी मिळेना. दिवसभर आम्ही दोघीच घरात, एकमेकींशी जपून बोलत. एका सकाळी कुंडीपाशी उभी राहून ती म्हणाली, "आई, दोन-चार शेंडे जिवंत दिसून राहिले. मला देता का?"

"घे. आणखी काय बिघडणार आहे?"

तिने जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत साखर आणि क्षार घातलेली जेली भरली आणि त्या कुकरमध्ये वाफवल्या. नखाएवढे शेंडे ब्लीचच्या पाण्यात धुऊन चिमट्याने जेलीत उभे केले. एका शेंड्याला भरपूर फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्याचं वेगळं रोप होतं, असं तिने मला समजावलं. आठवड्याभरात सगळ्या बाटल्यांत बुरशी.

"तिकडे माझ्या हातून क्वचितच बाटली खराब व्हायची," एवढं बोलून ती डोळे पुसायला लागली. नुसत्या बुरशीसाठी कोणी इतकं रडत नाही, हे मलाही कळत होतं. मी चहा टाकला आणि म्हटलं, "माझ्या लोणच्यालाही बुरशी आली आहे कितीदा. बाटल्या घासायला घेऊ."

दुसऱ्या खेपेला मीही मदतीला बसले. पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला फडकं. "काम चालू असताना बोलायचं नाही, आई. श्वासातून जंतू जातात." सगळा जन्म पेठेत गेलेल्या बाईला ही अट. वरच्या मजल्यावरच्या काकू दारावर थापा मारत होत्या, तरी मी हूं की चूं केलं नाही.

या वेळी बऱ्याच बाटल्या स्वच्छ राहिल्या. शेंड्यांचे हिरवे झुपके झाले, ते सुटे करून लावल्यावर मुळंही फुटली. पण बाटलीतल्या दमट हवेची सवय झालेली रोपं कुंडीत येताच माना टाकू लागली. मग त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या घालून आम्ही त्या रोज थोड्या थोड्या उघडत गेलो. निम्मी रोपं गेली, निम्मी तगली. काकू फांदी मागायला आल्या तेव्हा मी त्यांच्या हातात अख्खं रोपच ठेवलं. "हे न्या. आता जगवायचं तुम्ही."

उरलेल्या रोपांचा ट्रे मांडीवर घेऊन सून स्वारगेटहून बसने कात्रजपलीकडच्या एका रोपवाटिकेत मुलाखतीला गेली. तिथल्या बाईंनी एक रोप उपटून मुळं पाहिली.

"हे घरी केलंत?"

"हो. मी आणि माझ्या सासूबाईंनी."

नोकरी मिळाली. मध्यंतरी एकदा मी रोपवाटिकेतली तिची प्रयोगशाळा पाहायला गेले. बाहेरच्यांना काचेपर्यंतच सोडतात. आत टोप्या-मास्क घातलेल्या साताठ मुली माना खाली घालून बसलेल्या, त्यात आपली कोणती ते ओळखू येईना. तेवढ्यात एकीने मान वर केली आणि चिमटा हलवला. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, आणि आम्ही कट्ट्यावर डबा उघडून पोटभर बोललो.