बारीक तारांचं वाजणं

अठवा लाइन्सला एका म्हाताऱ्या गुजराती बाईंकडे मी कितीतरी वर्षं स्वयंपाक केला. सगळे त्यांना बा म्हणायचे, मीपण बाच म्हणायची. बांना परदेशी संगीताचं भारी वेड. सकाळी सीडी लावायच्या आणि खुर्चीत डोळे मिटून बसायच्या. मी आत रोटल्या लाटता लाटता ऐकायची. पहिल्यांदा तर मी गाणाऱ्याची वाट बघत राहिले. आता गाईल, मग गाईल, तेवढ्यात संपलंच की हो!

"बा, यात गाणारं कुणी नाही का?"

"वाजवणारे आहेत ने, बेन. बेसो ने जरा."

माझ्या हातांना पीठ तसंच, तरी बसवलं मला. सीडीच्या डबीवरचा फोटो दाखवला. काळ्या कपड्यांतली थोडीच माणसं, बहुतेकांच्या खांद्यावर व्हायोलिन, दोघांचं मोठं व्हायोलिन गुडघ्यांत धरलेलं, आणि एकाचं तर माणसाहून उंच. बा म्हणाल्या, मोठ्या ताफ्यापुढे काठी हलवणारा एक जण असतो. हा ताफा छोटा, यांना तो लागत नाही. एकमेकांकडे बघतात आणि सुरू करतात. मला ते लगेच पटलं. आमच्या गल्लीत बायका पापड लाटायला बसतात तेव्हा कोण हुकूम सोडतं? एकीनं लाटी उचलली की सगळ्यांचे हात चालायला लागतात.

त्यात एक संथ वाजवलेलं होतं. बाकीचे सगळे खालचा सूर धरून ठेवतात आणि एकच व्हायोलिन हळूहळू वर जातं, इतकं बारीक होत जातं की आता तुटेल असं वाटतं. तुटत नाही. ते लागलं की माझं लाटणं थांबायचं. आणि दर वेळी मनात एकच यायचं, हे आमच्या ह्यांना ऐकवायचं. ह्यांचा सगळा जन्म उधन्यात संच्यावर गेला. पॉवरलूमला इथं संचा म्हणतात. हे संचे चालतात त्या खात्यात शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हटलं, या माणसाच्या कानांनी नुसती खटखट ऐकली, एकदा हेपण ऐकू दे.

बा मुलाकडे बडोद्याला राहायला निघाल्या तेव्हा त्यांनी सीडीचं मशीन आणि ती संथ वाजवण्याची सीडी मला देऊन टाकली. तोवर ह्यांचं काम सुटलेलं होतं. दुपारी मी दार लावलं, खिडकी लावली, कारण शेजारी एम्ब्रॉयडरीचं मशीन चालतं. पाहुणे येणार असल्यासारखा ह्यांनी धुतलेला शर्ट घातला आणि गुडघ्यांवर हात ठेवून खाटेवर बसले. मी सीडी लावली. व्हायोलिन वर निघालं. माझा तर ऊर भरून आला. हे तसेच बसलेले.

जरा वेळानं म्हणाले, "आते तरी लाव ना वं. किती वाट पाहू?"

"चालूच शे ना!"

"काय?"

मी ओरडले, "चालूच शे!"

त्यांनी मशीनचा लाल दिवा बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि हसले. "मजाक करस का?"

मी मजाक करत नव्हते.

तुम्ही म्हणाल, घरच्या बाईला कळलं कसं नाही? अहो, आमची सगळी गल्ली संच्यावरची. सगळेच ओरडून बोलतात. खात्यात माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात, तीच सवय घरी येते. पाणी हवं की अंगठा तोंडाकडे, मला हाक मारायची तर टाळी. शेजारच्या घरातही तेच, माझ्या दिराच्या घरातही तेच. कान गेले, पण घरात काहीच बदललं नाही, मग कळावं कशावरून?

तेवढ्यात त्यांनी मान वर केली. "आलं, आलं! काहीतरी घुमस." त्या माणसाहून उंच व्हायोलिनचा जाड आवाज होता तो. उठले, मशीनवर तळवा ठेवला आणि लहान पोरासारखे खूश झाले. मग तो आवाज मागे गेला, आणि ते परत नुसतेच उभे.

कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, खटखटीत काम करणाऱ्यांचे बारीक आवाज आधी जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. कानात घालायचं मशीन दिलं. घरी येऊन पहिलं काम मी तीच सीडी लावायचं केलं. ह्यांनी क्षणभर ऐकलं आणि मशीन काढून हातात घेतलं.

"वं, हाई तं बिनतेलना संचा शे!"

मी इतकी हसले, इतकी हसले, की शेवटी पदर डोळ्यांना लावावा लागला. ते मशीन आता लेकीचा फोन आला की घालतात, एरवी डबीत असतं.

तरी मला सीडी लावायला लावतात. "तू ऐक, मी बसस." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. "आते काय व्हयनं?"

"आता एकटंच वर चाललंय."

"कुठे वर?"

आता हे कसं सांगू? "डोंगर चढल्यासारखं," म्हटलं.

"कोन चढस?"

"कुणी नाही हो, आवाज चढतोय."

"इतली बोलनारी बाई तू! सगळ्या गल्लीन्या बातम्या सांगस, नि इतलं येत नही?"

मग म्हटलं, समजा, एक बाई डोंगर चढतेय, एकटीच, आणि खाली गावातले सगळे गप्प उभे राहून बघताहेत. त्यांना ते आवडलं. मान डोलावली. मला मात्र बोलता बोलताच कळत होतं की यात कुठली बाई नाही, कुठला डोंगर नाही. मी काहीतरी भलतंच त्यांच्या पदरात टाकत होते.

परवा दारापुढच्या ओट्यावर आमचे हे शेजारच्या भाऊंना सांगत होते, "आमना घरमा असं वाजस ना, एक बाई डोंगर चढस, एकलीच." सांगताना त्यांनी हात असा सावकाश वर नेला. खांद्यापर्यंत नेला आणि थांबवला. भाऊ कौतुकानं बघत होते. ते व्हायोलिन त्याच्या कितीतरी वर जातं. मी दारात उभी होते, 'अजून वर' असं ओठांवर आलंही होतं, पण मी आत निघून गेले.