एकानं काय होतंय

रक्तात साखर निघाल्यापासून मी भाकरी, भात आणि गोड बंद केलं. सकाळी अंडी, दुपारी पालेभाजी आणि दही, रात्री पनीर नाहीतर चिकन. त्या जेवणाचा मला त्रास होत नाही. त्रास होतो तो माणसांचा.

आमच्या साताऱ्याकडं खाऊ घालणं म्हणजे माया आणि नको म्हणणं म्हणजे भांडण. कधीतरी एखादा गोड घास चालेल, असं डॉक्टर म्हणालेत. पण तो घास कोणता, हे मी ठरवायचं की गावानं? कारखान्यात कुणाचा वाढदिवस असला की केकचा तुकडा थेट तोंडाशी येतो. पंगतीत ताटावर हात आडवा धरला तर जिलेबी हातावर पडते, पाक मनगटापर्यंत ओघळतो आणि वाढणारा हसत पुढं जातो. याला लोक आग्रह म्हणतात. मी दांडगाई म्हणतो.

वर सगळ्यांचं वाक्य एकच. "आवं, एकानं काय होतंय?" काय होतं ते मी घरात बघितलंय. वडिलांच्या पायाचं आधी बोट काढलं, मग पाय, आणि मग ते गेले. तेव्हा दवाखान्यात भेटायला येणारेसुद्धा पेढे घेऊन यायचे.

माझा चुलतभाऊ फौजेतून निवृत्त झालेला. यंदा त्याचा मुलगा भरती झाला, तेव्हा तो पेढे घेऊन माझ्याकडं आला. मी हात जोडले.

"पोरगं फौजंत चाललंय आन् तू पेढा नको म्हणतुयास? एकानं काय होतंय रं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या माझा पाय काढला तर तुझा देणार हायस का?" असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो. तो चहा न घेता निघून गेला. एवढं तोडून बोलायची काय गरज होती, असं बायको म्हणाली. होती.

हा सगळा वाईटपणा मी एका पोळीसाठी घेत होतो. आमचं गाव कोरेगावच्या पुढं. तिथं यात्रेचा पहिला दिवस पुरणपोळीचा, दुसरा मटणाचा. आईला आता फार वेळ बसवत नाही, त्यामुळं ती वर्षातून एकदा, यात्रेलाच स्वतः पोळ्या लाटते. पुढच्या वर्षी तेवढंही होईल की नाही, सांगता येत नाही. म्हणून मी केक सोडला, जिलेबी सोडली, भावाचा पेढा सोडला. मला तिच्या हातची एक पोळी खायची होती, गुळवणी-दुधात बुडवून.

यात्रेच्या दिवशी पंगत बसली. सगळ्यांच्या ताटात पोळ्या पडल्या. माझ्यापुढं ताट आलं ते मेथीची भाजी, दही आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन.

"काकीला मीच सांगितलंय," समोर बसलेला चुलतभाऊ म्हणाला. "तुला चालत न्हाई म्हणून."

त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती. म्हणून तर मला जास्तच राग आला. वर्षभर कानीकपाळी ओरडलो तेव्हा एकाला ऐकू गेलं नाही, आणि आजच बरं ऐकू आलं.

मी ताट तसंच ठेवून आत गेलो. आई तव्यापुढं होती. डॉक्टरांनी कधीतरी चालेल म्हटलंय, हीच पोळी खायची म्हणून मी कशाला हात लावलेला नाही, असं सगळं तिला सांगितलं. तिनं मान वर केली नाही. माझा आवाज चढला.

"एकच दे की. एकानं काय होतंय?"

बाहेरच्या पंगतीत माना वळल्या. मी काय बोललो ते मलाही ऐकू आलं.

आईनं तव्यावरची पोळी उलटली. "तुझा बा बी असंच म्हणायचा," ती म्हणाली. "आन् मी बी एकच वाढायची. रोज एकच."

तिनं पोळीवर तूप सोडलं आणि ती पुढच्या पंगतीच्या परातीत ठेवली.

मी येऊन ताटावर बसलो. राग काढायला आता कुणी उरलं नव्हतं. मेथी खाल्ली, दही खाल्लं, शेंगदाणे एकेक करून चावले. कुणीतरी आग्रह करील म्हणून मी सावकाश जेवत होतो. कुणी केला नाही.