मोहन नसलेली बिस्किटं

"बाई, हे खारे शंकरपाळे झालेत," जोशी सर म्हणाले. "मी सैनिकांची बिस्किटं सांगितली होती."

त्यांच्या बोटांत बिस्किटाचा चुरा झाला होता. चूक माझीच होती.

नारायण पेठेतल्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये मी स्वयंपाक करते. तेव्हा रोजंदारीवर होते. जोशी सर इतिहास शिकवतात. त्यांच्या प्रदर्शनात अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा स्टॉल होता. तिथे त्या सैनिकांचं खाणं मांडायचं होतं. खारवलेल्या मांसाचं नुसतं चित्र लावणार होते. काळी कॉफी आणि बिस्किटं मात्र खरी. बिस्किटात मैदा, मीठ आणि पाणी, बस. जाड लाटायचं, चौकोन कापायचे, फुगू नयेत म्हणून भोकं पाडायची आणि ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायचे. सैनिक ते कॉफीत बुडवून खायचे.

"प्रदर्शन नीट पार पडू दे, मग तुम्हाला कायम करायचं बघू," असं मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणून मला धास्ती.

पण परातीत मैदा घेतला की हात आपोआप मोहनाच्या कढल्याकडे जातो. मोहन म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तेल किंवा तूप. त्याने पदार्थ खुसखुशीत होतो. वीस वर्षं घालत आले, तेव्हाही घातलं.

दुसरा ट्रे हात आवरून केला. दगड झाला. सर खूश. मॅडमनी एक चावून बघितलं आणि दाढ धरली.

"अहो, पाहुण्यांना हे द्यायचं? तूप घाला. थोडा ओवाही."

"मॅडम, सर म्हणाले की..."

"सरांनी शिकवावं. खायला काय घालायचं ते आपण बघू."

मी तूप तापत ठेवलं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही.

सरांनी आणखी एक ट्रे साधाच करायला सांगितला. मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या शोभाताईंनी पिठात मोहन ओतलं. "विसरली होतीस गं," म्हणाल्या, वर हसल्या. मी कपाळाला हात लावला.

शेवटी स्टॉलवर मॅडमची तुपातली बिस्किटं गेली. तो दगडी ट्रे मला टाकवेना. डब्यात भरून टेबलाखाली ठेवला.

प्रदर्शनाचे पाहुणे निवृत्त लष्करी अधिकारी होते. त्यांनी एक खाल्लं.

"झकास! पण तुपाचं बिस्किट महिनोन् महिने पिशवीत टिकेल? खवट नाही होणार?"

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे. मी वाकून डबा काढला आणि झाकण उघडून पुढे ठेवला.

पाहुण्यांनी एक बिस्किट टेबलावर आपटलं. टेबल वाजलं, बिस्किट तसंच. मग ते कॉफीत धरून बराच वेळ बसले, एक कोपरा कसाबसा तोडला आणि म्हणाले, "हां, हे सैनिकाचं!"

"मीच करून घेतली ही," मॅडम म्हणाल्या. जोशी सरांना एकदम खोकला आला.

पुढच्या महिन्यात मी कायम झाले. माझ्या कागदावर मॅडमचा शेरा आहे : 'सूचनांचे तंतोतंत पालन करतात.' कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.

आता दोघांनी दोन तऱ्हेचं सांगितलं की मी वाद घालत नाही. दोन्ही करते आणि एक टेबलाखाली ठेवते.