१९१९ची पेनी आणि माझी चिंच

यॉर्कला जायचं ह्यांनी ठरवलं, त्याच क्षणी मी कबूल करायला हवं होतं. पण मी काय विचारलं? तर वाटेत खायला काय घ्यायचं!

हे म्हणजे माझे यजमान. निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना भूल दिली आणि स्वतः भुलले जुन्या ब्रिटिश पेनींना. आमच्या स्टॅनमोरच्या घरात राजा-राण्यांची इतकी डोकी आहेत, की आम्हा दोघांचे नातेवाईक मोजले तरी तेवढे भरायचे नाहीत.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायला नाणी हवी होती. ह्यांच्या चांगल्या ट्रेला हात लावायची माझी बिशाद नाही, म्हणून जास्तीच्या नाण्यांच्या डब्यातल्या पाच पेनी उचलल्या. काळ्याकुट्ट! लक्ष्मीपुढे असलं ध्यान कसं ठेवायचं? देवाच्या तांब्याबरोबर त्यांनाही चिंच-मीठ लावून खसाखसा घासलं, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत डब्यात टाकलं.

जानेवारीत हे तोच डबा उपसत बसले होते. एका १९१९च्या पेनीवर, सालाच्या डावीकडे, त्यांना ‘के’ आणि ‘एन’ अशी दोन बारीक अक्षरं सापडली. ती बर्मिंगहॅमच्या एका टांकसाळीची खूण. साधी १९१९ची पेनी ढिगानं मिळते. ही अक्षरं असलेली, तीही न झिजलेली, क्वचितच. वर म्हणतात, हिला टांकसाळीतली मूळ चकाकी आहे! ह्यांना मोतीबिंदू, भिंगातून अक्षरं दिसली तरी चकाकी कसली ते कळत नाही; ऑपरेशनची तारीख अजून आलेली नाही. ती चकाकी कुठली, हे मला पक्कं ठाऊक होतं. नाणं घासलं की जाणकारांच्या लेखी ते वाया गेलं, हेही इतक्या वर्षांत कानावर पडून ठाऊक होतं. मी सांगायला तोंड उघडेपर्यंत ह्यांनी नाण्यांच्या क्लबातल्या मित्रांना फोन लावलेसुद्धा.

यॉर्कला नाण्यांचा बाजार भरतो, तिथे एका तज्ज्ञाला ती दाखवायची ठरली. तुम्ही जाणार असाल तर तिकीट आधीच काढा. जोडीचं रेलकार्ड असेल तर एक तृतीयांश भाडं वाचतं, पण दोघांनी एकत्रच प्रवास करायला लागतो. मला त्या शनिवारी एकटीनं उलट्या दिशेला जायला आवडलं असतं. किंग्ज क्रॉसहून दोन तास. तिखटामिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. ह्यांनी सहा खाल्ल्या, माझ्या घशाखाली एक उतरेना. डॉन्कास्टरच्या आसपास धीर करून “अहो, ऐका ना,” म्हटलं, तर नेमका तिकीट तपासनीस आला. गेली ती वेळ.

स्टेशनपासून हॉल वीस मिनिटांवर, नदीकाठानं सुंदर रस्ता आहे म्हणे. मी पायाखालचे दगड तेवढे पाहिले. प्रवेश दोन पौंड. आत टेबलं, दिवे, भिंगं, आणि लायब्ररीत असते तशी शांतता. नाणं कडेनंच धरायचं, वर बोट लावायचं नाही, हे लक्षात ठेवा.

तज्ज्ञ म्हणजे पंचाहत्तरीचे एक गृहस्थ. पेनी दिव्याखाली तिरकी करून त्यांनी बराच वेळ पाहिली. अक्षरं खरी आहेत, म्हणाले. ह्यांचा चेहरा फुलला. मग ते हळूच म्हणाले, “क्लीन्ड, आय’म अफ्रेड.”

शक्यच नाही, हे म्हणाले. आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

“मी घासली,” मी मराठीतच म्हणाले. “पूजेसाठी. चिंचेनं.” मग म्हाताऱ्यांसाठी इंग्रजीत सांगितलं.

त्यांनी मान हलवली. लहानपणी त्यांनीही आजोबांच्या पेनी इथल्या आंबटगोड ब्राउन सॉसनं घासल्या होत्या, आणि त्या सॉसमध्येही चिंचच असते, म्हणाले. मला हसू आलं नाही. ह्यांनी पेनी खिशात टाकली आणि चालायला लागले.

परतीच्या ट्रेनमध्ये पीटरबरोपर्यंत एक शब्द नाही. चहासुद्धा नको म्हणाले. मग खिडकीकडे बघतच बोलले, “अकरा वर्षं तो डबा माझ्याकडे आहे. ही पेनी मी दहादा तरी बघितली असेल. तू मळ काढलास तेव्हा अक्षरं दिसली.”

मला रडू आलं.

“पण दिवाळीपासून बोलली का नाहीस? माझी एवढी भीती वाटते?”

“तुमची नाही हो. तुमच्या गप्प बसण्याची.”

यावर स्वारी थेट स्टॅनमोरपर्यंत गप्प!

यॉर्क पुन्हा नीट बघायचंय, शहराच्या तटावरून चालायचंय. ते फुकट आहे. या खेपेला माझ्याजवळ राहिलं ते त्या रात्रीचं. घरी आल्यावर ह्यांनी कोटसुद्धा न काढता क्लबातल्या मित्रांना फोन लावले. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते. पेनी खरी निघाली, पण घासलेली आहे, असं सांगत होते. पलीकडून कुणी घासली असं विचारलं असणार.

“वी डिड,” हे म्हणाले.

तीन फोन केले. तिन्ही वेळा ‘वी’च म्हणाले.