सरकारजमा

इथं परमुलखात पार्सलं बांधताना वितळत्या लाखेचा वास आला, की मला मलकापुरातल्या त्या बुडालेल्या बँकेचं बंद दार दिसतं; कुलपावर तशीच लाख होती आणि समोर, कापसाच्या गाड्यांच्या धुळीत, माणसं सकाळपासून बसून होती. भाजी विकून माझ्या शाळेसाठी आत्यानं जमवलेलं सगळं आत अडकलं होतं. धीर द्यायला आलेले आमचे मास्तर म्हणाले, "ही बँक सरकारजमा झाली पाहिजे." सरकारनं ती चालवायला घेऊन लोकांचे पैसे द्यावेत, असं त्यांना म्हणायचं होतं. पण आमच्याकडे शेतसारा थकला की वावर सरकारजमा होई, आणि ते परत मिळत नसे. "काऊन मास्तर," आत्या म्हणाली, "आमचं उरलंसुरलंही सरकारले देता?" शेजारचा म्हातारा हसला, "मास्तर, पोराईले शिकवा, आमाले नोका शिकवू." मास्तर समजावत राहिले, कोणी ऐकलं नाही. पुढं सरकारनं मोठमोठ्या बँका घेतल्या. आमची बुडालेली कोणालाच नको होती. माझी शाळा सुटली. आत्या मात्र शेवटपर्यंत म्हणे, "सरकारजमा त नाही झाली ना, आपलं हाय आतमंदी." माझ्यासाठी तिच्याइतकं कोणी केलं नव्हतं, म्हणून मी "हाव" म्हणत मान डोलवायचो. आज पगार बँकेत भरताना मात्र नोटांवरचा माझा हात सुटत नाही.