शेवटच्या ओळीतलं सांबार

ऑफिसातली धूळ झाडायला रोज सकाळी एक बाई येतात. किस्से झाडायला कोणीच येत नाही, म्हणून ते साचत जातात. आमच्या मैलापूरच्या ऑफिसात तर इतके साचलेत की खुर्ची जरा सरकवली तरी एखादा पायाखाली येतो. त्यातले हे आवडीच्या, म्हणजे चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या, कँटीनचे. निम्मे शंभर टक्के खरे आहेत. उरलेले त्याहून जास्त!

आमची कंपनी कारखान्यांची स्वयंपाकघरं उभी करते. एका दमात पाचशे इडल्या वाफवणारी यंत्रं, माणूस आत बसून आंघोळ करेल एवढी सांबाराची भांडी, असा सगळा कारभार. मी मूळचा सांगलीचा, गेली वीस वर्षं चेन्नईत. समोरच्या टेबलावर राव सर. खर्चाचे अंदाज बांधणं हे त्यांचं काम. ते तंजावरचे मराठी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, आणि मराठीही तेव्हाचीच जपलेली. “मी काम केलों, तुम्हीं जेवलांत काय” असं बोलतात. पहिले सहा महिने मला वाटायचं, हे माझी थट्टा करतायत. त्यांना वाटायचं, मी मराठी विसरलोय.

एकतीस वर्षांत राव सरांनी एकही प्रोजेक्ट बजेटबाहेर जाऊ दिलं नव्हतं. आता मार्चमध्ये ते रिटायर होणार होते. डायरेक्टर म्हणाले, आवडीच्या एका कारखान्याचं कँटीन बजेटात बसवा, दोन वर्षं एक्स्टेन्शन देतो. राव सरांना ती दोन वर्षं हवीच होती. “घरीं बसलों तर ही मला रोज भाजी चिरायला बसवील,” ते मला म्हणाले. मलाही हवी होती. ते गेले तर ऑफिसात मराठीत भांडणार कोणाशी?

आणि नेमकं त्याच महिन्यात नवं सॉफ्टवेअर आलं.

*

सॉफ्टवेअरमध्ये तीन रकाने. बजेट, प्लॅन्ड, अ‍ॅक्चुअल. तिसरा पहिल्याच्या पुढे गेला की ओळ लाल होणार.

शिकवायला बंगळूरहून एक मुलगी आली होती. चाळीस स्लाइड दाखवल्या तिने. स्लाइड संपल्या तेव्हा खोलीत दोनच माणसं जागी होती, ती आणि प्रोजेक्टर.

मग राव सर उभे राहिले. आधी इंग्रजीत सांगितलं, मग माझ्यासाठी मराठीत. “बजेट म्हणजे साहेबानें हो म्हटलेला खर्च. प्लॅन्ड म्हणजे आपण बसून मांडलेला. अ‍ॅक्चुअल म्हणजे देवानें केलेला.”

मुलीने वही काढून ते लिहून घेतलं. हल्ली म्हणे ती एकच स्लाइड दाखवते.

*

साइटवर आमचा इंजिनिअर मुरुगन. अत्यंत सज्जन, अत्यंत व्यवस्थित. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला आणि सगळे चाट पडले. मुरुगनच्या प्रत्येक ओळीत प्लॅन्ड आणि अ‍ॅक्चुअल रुपयापर्यंत सारखे. पाण्याची पाइपलाइन, सत्तर हजार चारशे अकरा. प्लॅन? सत्तर हजार चारशे अकरा!

दिल्लीच्या हेड ऑफिसातून अभिनंदनाची मेल आली. सगळ्या शाखांना मार्गदर्शन करा, अशी विनंतीही.

मी मुरुगनला गाठलं, म्हटलं बाबा, हे करतोस कसं? तो प्रामाणिकपणे म्हणाला की काम संपल्यावर तो प्लॅन भरतो. आधी भरला तर चुका होतात.

राव सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“साठे,” ते म्हणाले, “ह्यांत चूक काढून दाखवा बघूं.”

*

सॉफ्टवेअरचा आणखी एक नियम. मीटिंगला बसलेल्या प्रत्येकाचा तासाचा दर भरायचा. राव सरांनी नियमाप्रमाणे सगळ्यांचे भरले. डायरेक्टरांचाही.

मीटिंगचा विषय होता वाफेचा व्हॉल्व्ह. पितळी घ्यायचा की स्टीलचा? किंमत चारशे. डायरेक्टर दीड तास बसले. त्यात जर्मनीची सहल आली, तिथला पाऊस आला, तिथल्या हॉटेलातला नळही आला. व्हॉल्व्हचा नंबर शेवटी लागला.

दुसऱ्या दिवशी ‘व्हॉल्व्ह निवड’ ही ओळ लालभडक. अ‍ॅक्चुअल एकोणीस हजार. डायरेक्टर तरातरा आले. एवढा महागडा व्हॉल्व्ह आणला कोणी?

राव सर नम्रपणे म्हणाले की व्हॉल्व्ह चारशेचाच आहे. बाकी सर्व आपणच.

त्याच दिवशी डायरेक्टरांनी स्वतःचा दर शून्य करायला लावला. आता हे सॉफ्टवेअर भलतंच हुशार. कोणत्याही कामाला सर्वात स्वस्त माणूस कोण, ते स्वतःच सुचवतं. पुढचा आठवडाभर गटार उपसणे, वेल्डिंग, फरशी घासणे, सगळीकडे एकच नाव यायचं.

आम्ही कोणीही ते बदललं नाही.

*

आता कोहळ्याचं. नव्या जागेत काम सुरू करताना दारात कोहळा फोडायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही. इथे त्याशिवाय कोणी स्क्रूसुद्धा पिळत नाही. पण ही गोष्ट बजेटात लिहायचं कोणाला सुचणार? कोहळा आला, कुंकू भरून फुटला, आणि मुरुगनने इमानदारीत नोंद केली. कोहळा, रुपये साठ.

बजेट शून्य. सॉफ्टवेअरने साठला शून्याने भागलं आणि जाहीर केलं की आवडीच्या प्रोजेक्टचा जादा खर्च अनंत आहे. अख्खं प्रोजेक्ट लाल!

दिल्लीहून फोन. अनंत म्हणजे साधारण किती? राव सरांनी दृष्ट लागणे ही संकल्पना पाऊण तास समजावली. पलीकडच्या माणसाने विचारलं, ती नोंद परत घेता येईल का? राव सर म्हणाले, कोहळा फुटलाय, आता जोडायचा कसा?

शेवटी तोडगा निघाला. बजेटात कोहळ्यासाठी एक रुपया मंजूर झाला. जादा खर्च अनंतावरून पाच हजार नऊशे टक्क्यांवर उतरला, आणि दिल्लीकर म्हणाला, “हां, अब ठीक है.”

*

काम संपलं. उरली शेवटची चाचणी. यंत्रं चालवायची, इडल्या वाफवायच्या, कारखान्याच्या कँटीन मॅनेजरने खायच्या आणि सही द्यायची. करारात वाक्य होतं, ‘ग्राहकाचे समाधान होईपर्यंत चाचणी’. बजेट एका चाचणीचं.

सांबार राव सरांच्या देखरेखीखाली झालं, मसाला त्यांच्या घरचा. सांबार हे मुळात तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, ही गोष्ट ते अशी सांगतात की जणू त्या दिवशी शेवग्याच्या शेंगा यांनीच चिरल्या होत्या.

मॅनेजर तंगराज आले. अकरा इडल्या खाल्ल्या. बराच विचार केला. म्हणाले, यंत्र छान आहे, पण सेकंड शिफ्टचा भार सोसेल का? एकदा पुन्हा बघू.

दुसऱ्या चाचणीला ते सहकाऱ्यांना घेऊन आले. तिसरीला आईला. आई म्हणाल्या, पुढच्या वेळी मेदूवडेही तपासून घ्या.

त्या संध्याकाळी राव सर स्क्रीनसमोर बेरजा करत बसले होते. सगळीकडची काटकसर संपली होती. उरलेल्या पैशात बरोब्बर एक चाचणी बसत होती. पाचवी झाली की प्रोजेक्ट लाल, एकतीस वर्षं पाण्यात, आणि मार्चपासून भाजी चिरणं.

“सांबार चांगलें होतें आहे,” ते हळूच म्हणाले, “तोच दोष.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

“साठे, पांच वर्षांमागें तुम्हीं आम्हांला जेवायला बोलावलांत. सांबार तुम्हींच केलांत. स्मरतें काय?”

स्मरत होतं. गूळ, गोडा मसाला, वर मूठभर शेंगदाण्याचं कूट. त्यांच्या पत्नीने दोन घास खाऊन अतिशय अदबीने विचारलं होतं की गोड पायसम आधी वाढायची आपल्याकडे पद्धत आहे काय.

“चाळीस लिटर होईल?” राव सरांनी विचारलं. आणि डोळे मिटून, तंजावरच्या दिशेला हात जोडले.

चौथ्या चाचणीच्या दिवशी मी चाळीस लिटर केलं. गूळ घालताना मुरुगन बाहेर जाऊन उभा राहिला. तंगराज आले, बरोबर चौदा माणसं, मेदूवड्यांसाठी रिकामे डबे वेगळे.

एक चमचा. तंगराजनी चमचा खाली ठेवला.

त्यांनी विचारलं, कोणी केलं? राव सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. घरात नुकतंच कोणी गेलंय अशा माणसाकडे बघावं, तसं तंगराजनी माझ्याकडे बघितलं. मग पाणी प्यायले, आणि म्हणाले की यंत्रं उत्तम आहेत, सही कुठे करायची?

राव सरांना दोन वर्षं मिळाली.

*

परवा श्रीपेरुंबुदूरच्या नव्या कँटीनचा प्लॅन राव सरांनी मला तपासायला दिला. काम अजून सुरूही झालेलं नाही, कोहळासुद्धा फुटलेला नाही. त्याला मात्र आता साठ रुपये मंजूर आहेत. मी खाली सरकत शेवटच्या ओळीवर आलो. ‘अंतिम चाचणी. सांबार, साठे. अर्धा दिवस, एक खेप.’ बजेट भरलेलं, प्लॅन्ड भरलेलं. आणि अ‍ॅक्चुअलसुद्धा भरलेलं!

मी म्हटलं, “सर, चाचणी आठ महिन्यांनी आहे. अ‍ॅक्चुअल आत्ताच कसं भरलंत?”

राव सरांनी वर न बघता कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला.

“बाकीच्या ओळी देवाच्या हातीं, साठे. ही तुमच्या हातीं आहे.”